वीस किलोचे मूल आणि विषारी कचऱ्याचा कायदा



शाळेच्या मोठ्या सुट्टीत आम्ही लंडनला आमच्या मोठ्या चुलतभावाकडे जाऊन आलो. आपल्या बेटावरून सत्तरच्या दशकात ज्या अनेक मुली नर्सचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेल्या, त्यांच्यात आमच्या काकू होत्या. त्यांचे चिरंजीव, आमचे दादा, आज लंडनच्या दक्षिण भागात मोटार दुरुस्तीचे छोटेसे गॅरेज चालवतात. परदेशी गेलेला माणूस राजवाडा आणि घड्याळाचा मनोरा पाहून येतो. आम्हीही ते पाहिले. परंतु आज लिहावेसे वाटते ते दादांच्या गॅरेजच्या मागच्या दारी पाहिलेल्या एका गोष्टीविषयी.

मागच्या दारी जुन्या इंजिन तेलाचे पिंप होते. शेजारी जुन्या बॅटऱ्या एका जाड प्लास्टिकच्या पेटीत, तेलाचे फिल्टर दुसऱ्या पेटीत, ब्रेकचे तेल वेगळ्या डब्यात. जुने टायर मात्र भिंतीपाशी उघड्यावरच रचलेले. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर सहा आकडे आणि काही आकड्यांपुढे एक चांदणी. आम्ही कुतूहलाने विचारले, तेव्हा दादा आत गेले आणि एक जाडजूड फाईल घेऊन आले. म्हणाले, "गुरुजी, तुझ्या शाळेत हजेरीपट असतो ना? हा आमच्या कचऱ्याचा हजेरीपट."

आम्हाला हसू आले. पण फाईल चाळता चाळता हसू मावळले आणि शिक्षकाची जिज्ञासा जागी झाली. कचऱ्यातला कोणता साधा आणि कोणता घातक, हे ठरवते कोण आणि कोणत्या मापाने? परत आल्यावर आम्ही या विषयावर जे वाचले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

नन्ईटनची पिंपे

ब्रिटनमध्ये कारखानदारी दोनशे वर्षांहून जुनी, पण विषारी कचऱ्यासाठी खास कायदा १९७२ पर्यंत नव्हता. सरकारने १९६४ मध्ये एक तांत्रिक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९७० मध्ये आला आणि बहुतेक अहवालांप्रमाणे कपाटात जाऊन बसला. मग १९७२ च्या फेब्रुवारी महिन्यात वॉरिकशर परगण्यातील नन्ईटन गावाजवळ, एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या जागेवर, सायनाइडच्या कचऱ्याची ३६ पिंपे सापडली. ती जागा ओसाड होती, पण निर्मनुष्य नव्हती. आजूबाजूची मुले तेथे खेळायला येत असत.

सायनाइड म्हणजे काय हे सांगायला नको. वर्तमानपत्रांत गहजब झाला. जे काम समितीच्या अहवालाने दोन वर्षांत झाले नाही, ते या पिंपांनी काही आठवड्यांत करून दाखविले. ३० मार्च १९७२ रोजी विषारी कचरा टाकण्याविषयीचा कायदा मंजूर झाला. विषारी, अपायकारक किंवा प्रदूषण करणारा कचरा धोका निर्माण होईल अशा रीतीने जमिनीवर टाकणे हा गुन्हा ठरला आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. असा कचरा कोठे नेणार, याची सूचना स्थानिक कचेरीला तीन दिवस आधी देण्याचे बंधन आले.

घाईत केलेल्या कायद्यात त्रुटी असतातच. विषारी म्हणजे नक्की काय, हे त्या कायद्यात नीट सांगितलेले नव्हते. व्यापारी म्हणणार, आमचा माल विषारी नाही. अधिकारी म्हणणार, आहे. मग ठरवायचे कसे? म्हणून १९७४ चा प्रदूषण नियंत्रणाचा मोठा कायदा आला आणि त्याखाली १९८० मध्ये 'विशेष कचऱ्या'चे नियम तयार झाले. ते १९८१ मध्ये अमलात आले.

वीस किलोचे माप

या १९८० च्या नियमांतील व्याख्या वाचून आम्ही थबकलो. नियमांना पदार्थांची एक यादी जोडलेली होती. त्या यादीतील पदार्थ कचऱ्यात असेल आणि तो कचरा जिवाला धोकादायक असेल, तर तो 'विशेष' कचरा. आता जिवाला धोकादायक कशाला म्हणावे? नियमाने सांगितले: वीस किलो वजनाच्या मुलाने पाच घन सेंटिमीटर इतका कचरा गिळला, तर मृत्यू किंवा शरीराला गंभीर इजा होण्याचा संभव असेल, तो धोकादायक. पाच घन सेंटिमीटर म्हणजे चहाचा एक चमचा. शिवाय पंधरा मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ श्वासातून, कातडीला किंवा डोळ्यांना संपर्क झाल्याने गंभीर इजा होत असेल, तर तोही धोकादायक. आणि २१ अंश सेल्सिअस किंवा त्याखालच्या उष्णतेत ज्याची वाफ ठिणगीने पेट घेते, तो कचराही त्याच वर्गात.

आम्ही इतकी वर्षे शाळेत शिकवीत आहोत. वीस किलोचे मूल म्हणजे आपल्या पहिल्या इयत्तेतील मूल. दप्तराच्या ओझ्याने वाकलेले, दिसेल ते तोंडात घालणारे. सरकारी कागदाची भाषा सहसा कोरडी असते. पण या नियमात, कारखान्याचे पिंप आणि समाज यांच्या मधोमध, एक पाच-सहा वर्षांचे मूल उभे केलेले होते. विष किती, हे त्याच्या शरीरावरून मोजायचे होते. आम्हाला हे माप फार योग्य वाटले.

तरी विचार केला की त्यातील उणीवही दिसते. हे माप झटपट होणाऱ्या अपायाचे होते. चमचाभर गिळले आणि कोसळले, पंधरा मिनिटे हुंगले आणि भाजले, एवढेच त्यातून कळत होते. जे विष वीस वर्षांनी कर्करोग होऊन उठते, जे नदीतील मासे मारते, जे आईच्या उदरातील जिवाला गाठते, ते या चमच्यात मावत नव्हते.

चांदणीचा अर्थ

पुढे युरोपातील देशांनी मिळून घातक कचऱ्याची व्याख्या ठरविली आणि ब्रिटननेही ती घेतली. प्रथम १९९६ च्या नियमांत आणि मग २००५ च्या नियमांत. इंग्लंड व वेल्समध्ये 'विशेष' हा शब्द जाऊन 'घातक' हा शब्द आला. स्कॉटलंडमध्ये मात्र आजही 'विशेष कचरा' असेच म्हणतात. ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडले, तरी ही पद्धत त्यांनी ठेवली आहे.

पद्धत अशी. सगळ्या कचऱ्याची एक मोठी यादी आहे, तिचे वीस अध्याय आहेत आणि प्रत्येक प्रकाराला सहा आकडे दिले आहेत. ज्या आकड्यांपुढे चांदणी, तो घातक. दादांच्या गॅरेजमधील इंजिनाचे जुने खनिज तेल १३ ०२ ०५, चांदणी. शिशाची बॅटरी १६ ०६ ०१, चांदणी. तेलाचा फिल्टर १६ ०१ ०७, चांदणी. जुना टायर १६ ०१ ०३, चांदणी नाही. म्हणून टायर भिंतीपाशी आणि बॅटरी पेटीत! आम्हाला उलगडा झाला.

काही वस्तू मात्र जोडीने येतात, आरशातील प्रतिबिंबासारख्या. उदाहरणार्थ उरलेला रंग. त्यात घातक द्रावक असेल तर ०८ ०१ ११ आणि चांदणी. नसेल तर ०८ ०१ १२ आणि चांदणी नाही. डबा तोच, रंगही तोच दिसतो. अशा वेळी आत काय आहे ते मालाच्या माहितीपत्रकावरून किंवा तपासणी करून ठरवावे लागते. "मला वाटले साधा आहे" हे उत्तर चालत नाही.

ठरविण्यासाठी पंधरा गुणधर्म दिले आहेत. स्फोटक, आग भडकविणारा, ज्वलनशील, दाह करणारा, एखाद्या अवयवाला इजा करणारा, तीव्र विषारी, कर्करोगकारक, जाळणारा, संसर्ग पसरविणारा, प्रजननाला अपायकारक, आनुवंशिक बदल घडविणारा, विषारी वायू सोडणारा, ॲलर्जी जडविणारा, निसर्गाला घातक आणि शेवटचा, जो आज निरुपद्रवी दिसतो पण पुढे यांपैकी एखादा दोष प्रकट करू शकतो तो. बहुतेक गुणधर्मांना प्रमाण ठरवून दिले आहे. ॲस्बेस्टॉस हजारात एक भाग, म्हणजे ०.१ टक्का किंवा अधिक असला, की तो कचरा घातक. वीस किलोच्या मुलाच्या मापात जे सुटले होते, ते या पंधरांत पुष्कळसे आले.

व्याख्या कधी पूर्ण होत नाही, हेही लक्षात ठेवावे. जुन्या सोफ्यांच्या कापडात आणि फोममध्ये आग लागू नये म्हणून घातलेली रसायने निसर्गात वर्षानुवर्षे टिकून राहतात असे दिसून आले. म्हणून २०२३ पासून इंग्लंडमध्ये असे जुने सोफे जमिनीत पुरता येत नाहीत, ते भट्टीत जाळून नष्ट करावे लागतात. काल ज्यावर बसून पाहुण्यांना चहा दिला, त्याचीच आज अशी व्यवस्था करावी लागते.

कचऱ्याचा हजेरीपट

आता दादांच्या फाईलकडे वळू. घातक कचरा गॅरेजच्या दारातून बाहेर पडला की त्याच्याबरोबर एक चिठ्ठी निघते. तिचे पाच भाग. कचरा कोठून कोठे चालला. तो काय आहे, किती आहे, घट्ट की पातळ, त्यात कोणती रसायने आहेत आणि पंधरांपैकी कोणता दोष आहे. नेणारा कोण, त्याची सही. देणारा कोण, त्याची सही. आणि शेवटी, ज्याने तो स्वीकारला त्याची सही. देणाऱ्याने आपली प्रत तीन वर्षे जपून ठेवायची. स्वीकारणारा दर तीन महिन्यांनी सरकारी पर्यावरण संस्थेला हिशेब देतो. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने एक मोठे तत्त्व घालून दिले. ज्याच्याकडून कचरा निर्माण झाला, त्याने तो कोणाच्या तरी हाती देऊन हात झटकायचे नाहीत. घेणारा परवानाधारक आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी देणाऱ्याची.

दादा म्हणाले, "सुरुवातीला मला हा छळ वाटायचा. एक माणूस यायचा, म्हणायचा, कागद कशाला, निम्म्या पैशात नेतो. नेतो कोठे, हे तो सांगायचा नाही." दादांनी त्याला माल दिला नाही. आम्ही विचारले, का? ते म्हणाले, "आईने इस्पितळात तीस वर्षे सुया वेगळ्या डब्यात टाकल्या. घरी येऊन सांगायची, मी टाकलेली सुई ज्याच्या हाताला लागेल, तो मला दिसणार नाही, म्हणून काय तो नाही का?"

आम्हाला वाटते, सगळ्या नियमांचा सारांश काकूंच्या या एका वाक्यात आला.

कॉर्बीची धूळ

कायदा कागदावर असला म्हणजे काम झाले असे नाही. नॉर्थम्प्टनशर परगण्यात कॉर्बी नावाचे गाव आहे. तेथे पोलादाचा मोठा कारखाना होता. १९८० च्या सुमारास पोलाद तयार करणे बंद झाले आणि हजारो माणसांची नोकरी गेली. गावाला पुन्हा उभे करायचे म्हणून नगरपालिकेने कारखान्याची जमीन घेऊन ती स्वच्छ करण्याचे काम काढले. हेतू चांगलाच होता. पण त्या जमिनीत पोलादाच्या कामातून साठलेली घातक द्रव्ये होती, कॅडमियम, क्रोमियम, निकेल आणि डायऑक्सिन. तो चिखल ट्रकमधून गावाच्या रस्त्यांवरून खाणीकडे नेण्यात आला. ट्रक नीट झाकलेले नसत, चाकांचा चिखल रस्त्यावर सांडत असे, तो वाळून त्याची धूळ होई आणि ती धूळ घराघरांत जाई.

काही वर्षांनी गावातील आयांच्या ध्यानात आले की हाताची किंवा पायाची बोटे नसलेली, पाय वाकडे असलेली मुले त्यांच्या गावात जास्त जन्मली आहेत. त्या एकमेकींना शोधू लागल्या. अठरा मुलांच्या वतीने दावा उभा राहिला. २९ जुलै २००९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की १९९७ पर्यंतच्या काळात नगरपालिकेने कामात निष्काळजीपणा केला आणि १९९० च्या कायद्याने घालून दिलेली जबाबदारीही पाळली नाही. हवेतून आलेल्या विषाचा आणि जन्मतःच्या व्यंगाचा संबंध न्यायालयाने मान्य केलेला असा हा महत्त्वाचा निकाल मानला जातो. २०१० मध्ये तडजोड झाली आणि नगरपालिकेने चुका झाल्याचे मान्य केले.

१९८० च्या मापात वीस किलोचे मूल होते, पण आईच्या पोटातील मूल नव्हते. तरीही आम्ही सगळा दोष व्याख्येवर टाकणार नाही. ट्रकवर ताडपत्री घालायला आणि चाके धुवायला कोणत्या नव्या व्याख्येची गरज होती? जे हातात आहे ते धोकादायक आहे, हे मनाने मान्य केले असते तर पुढची काळजी आपोआप घेतली गेली असती. कॉर्बीत ज्यांनी शेवटी दाद मिळविली त्या विद्वान नव्हत्या, साध्या गृहिणी होत्या. त्यांनी आपापल्या मुलांकडे पाहिले आणि प्रश्न विचारला.

समुद्रापलीकडे

एका देशात नियम कडक झाले की कचरा दुसऱ्या देशाच्या वाटेला लागतो. १९८८ मध्ये नायजेरियातील कोको या बंदरगावी इटलीहून आलेला विषारी कचरा टाकलेला आढळला. तो परत न्यायला 'करिन बी' नावाचे जहाज आले, पण कोणी त्याला बंदरात घेईना. ब्रिटननेही नाकारले. शेवटी तो कचरा इटलीलाच परत गेला. अशा प्रकारांतून १९८९ मध्ये बाझल करार झाला. ज्या देशात घातक कचरा जाणार, त्या देशाची लेखी संमती आधी घेतली पाहिजे, हा त्याचा गाभा. भारतानेही १९८९ मध्येच घातक कचऱ्याचे आपले नियम केले. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ ची, पण तेथील कारखान्यात उरलेला ३३७ टन विषारी कचरा हलवायला २०२५ साल उजाडले. चाळीस वर्षे! कचरा तयार करणे सोपे, निस्तरणे किती अवघड, ते यावरून दिसते.

आपला मॉरिशसही बाझल करारात आहे. बेट लहान, घातक कचरा जाळण्या-पुरण्याची सोय फारशी नाही. म्हणून ला शोमिएर येथे अशा कचऱ्याच्या तात्पुरत्या साठवणीचे केंद्र उभारण्यात आले, जेणेकरून तेथे नीट बांधून तो परदेशी पाठवता यावा.

आपल्याला हा विषय परका नाही. १९६० च्या कॅरोल वादळानंतर सरकारने जी घरे बांधली, त्यांतील कित्येक घरांत ॲस्बेस्टॉस होता, ज्याला आपण अमियांत म्हणतो. छप्पर म्हणून तो डोक्यावर आहे तोवर ते घर. तो फोडून अंगणात टाकला की घातक कचरा, आणि फोडताना उडालेली धूळ सर्वांत वाईट. आणि २०२० सालचे 'वाकाशियो' कोण विसरेल? २५ जुलैला जहाज प्वांत देस्नीजवळ खडकावर चढले, ६ ऑगस्टला तेल बाहेर पडू लागले आणि सुमारे हजार टन तेल आपल्या खाजणात उतरले. आपल्या लोकांनी उसाचे पाचट पोत्यांत भरून समुद्रात बांध घातले. ज्या पाचटावर आपल्या पूर्वजांनी घाम गाळला, त्याच पाचटाने समुद्र राखला. पण तेल प्यालेले ते पाचट मग पाचट राहिले नाही, तेही सांभाळून उचलण्याचा कचरा झाले. ब्रिटनच्या यादीतही तेल शोषलेल्या अशा वस्तूंना वेगळे आकडे आहेत, १५ ०२ ०२, आणि पुढे चांदणी.

आपण काय करावे

वाचकहो, आपल्या घरात चांदणी छापून येत नाही. ती आपणच मनात काढायची असते. जुन्या बॅटऱ्या, पाऱ्याची ट्यूबलाइट, उसाच्या किंवा भाजीच्या मळ्यात उरलेले औषध, रंगाचे डबे, गाडीचे जुने तेल, मुदत संपलेल्या गोळ्या. यांतील एकही वस्तू ओढ्यात, उसाच्या शेतात किंवा परसात जाळायच्या ढिगात जाऊ नये. औषधाची रिकामी बाटली धुऊन तीत पिण्याचे पाणी भरण्याची सवय तर आजच सोडावी. बॅटऱ्या आणि ट्यूब घेणारे कोणी जवळ आहे का, याची आपल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे किंवा म्युनिसिपालिटीत चौकशी करावी. विचारणारे वाढले की सोयी वाढतात. अमियांतचे छप्पर काढायचे असेल तर स्वतः हातोडा घेऊ नये.

आणि काही टाकण्यापूर्वी ब्रिटनच्या त्या जुन्या नियमातील माप आठवावे. शेजारच्या अंगणात, ओढ्याच्या काठी, उसाच्या बांधावर एक वीस किलोचे मूल खेळत आहे. ते आपले नसेल, आपल्याला दिसतही नसेल. परंतु सुट्टी संपली की सोमवारी सकाळी ते आमच्या वर्गात येऊन बसणार आहे आणि हजेरी घेताना त्याने "हजर" म्हणावे अशी आमची इच्छा आहे.